भाड्याच्या भिंतीला रंग कोणी द्यायचा?

गेल्या आठवड्यात गिरगावातल्या आमच्या खोलीवर एजंट येऊन गेला. दहा बाय बाराची खोली, मागे मोरी, वर लाकडी पोटमाळा. आई गेल्यापासून कुलूपच आहे. दादा डोंबिवलीला, मी ठाण्याला. खोली आता पागडीवर पुढे देऊन टाकायची असं आम्ही ठरवलंय. एजंटने दारातूनच चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "साहेब, आधी लांबी भरून पांढरा मारून घ्या. मोरीवरची ती भेग दिसली की गिऱ्हाईक लगेच खाली उतरतं."

मी "बघतो" म्हणालो. तो गेल्यावर मनात आलं, या भिंतींना घरमालकाने शेवटचा रंग कधी दिला असेल? आईच्या पत्र्याच्या डब्यात भाडेपावत्यांचे गठ्ठे आहेत, पण मालकाकडून रंगारी आल्याची आठवण ना मला, ना दादाला. गणपतीच्या आधी आम्हीच चुना काढायचो. चुन्याच्या बादलीत निळीची पुडी टाकून ढवळायचं काम माझं, आणि शिडीवर बाबा. गावाकडच्या घराला रंग देतात तसाच आम्ही दिला, घर मात्र दुसऱ्याचं होतं. तेव्हा यात काही विचित्र वाटलं नाही. आता वाटतं, म्हणून थोडा इतिहास उकरतोय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

मुंबईत भाड्याच्या खोल्यांना मोठ्या प्रमाणावर चुना फासायचं काम पहिल्यांदा सरकारने केलं, आणि तेही जबरदस्तीने. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला. पालिकेची माणसं घरोघरी जंतुनाशक फवारत आणि चुना काढत फिरू लागली. अंधाऱ्या खोल्यांत उजेड यावा म्हणून कौलं काढली. रोगी सापडला त्या घरावर लाल वर्तुळ, आणि राहण्यालायक नाही असं ठरलेल्या खोलीवर 'यू.एच.एच.' ही तीन इंग्रजी अक्षरं. पुण्यात घरझडतीचा किती संताप झाला आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळी कशी झाडली गेली, हे आपण शाळेत वाचलंय. त्या काळात दारात चुन्याची बादली आली की लोकांच्या पोटात गोळा यायचा.

पुढे १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. गल्ल्या पाडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट झाले, दादर-माटुंग्याला आखीव प्लॉट पडले. पाडलं भरपूर, त्यामानाने बांधलं कमी. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली आणि १९१८ साली भाड्यावर पहिलं नियंत्रण आलं. मग गव्हर्नर लॉइडच्या काळात बीडीडीची योजना निघाली. बेत ५०,००० खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, १६,००० च्या आसपास खोल्या. आज ज्या बीडीडीच्या खोलीसाठी भावाभावांत कज्जे चालतात, त्याच खोल्या सुरुवातीला कोणी घेईना. काँक्रीटच्या उघड्याबोडक्या भिंती, खिडकीला काँक्रीटच्याच जाळ्या, कामगाराला न परवडणारं भाडं. १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रही कुठे ठेवायचे असा प्रश्न सरकारला पडला, तेव्हा वरळीच्या याच चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. फार फेरफार करावे लागले नसणार.

विसाच्या दशकाअखेर ते पहिलं नियंत्रण उठलं आणि मग दहाएक वर्षं मुंबईत काहीतरी वेगळंच घडलं. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह, सगळीकडे सिमेंटच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि मालकांना भाडेकरू शोधावे लागत होते. आजोबा सांगायचे, त्या वेळी रस्त्याने चाललं की 'टु लेट'च्या पाट्या मोजत जाता यायचं. नवं बिऱ्हाड येणार म्हटलं की मालक स्वतः गिलावा बघून घ्यायचा, दारं-खिडक्यांना तेलरंग, भिंतीला डिस्टेंपर. कधी पहिल्या महिन्याचं भाडंही सोडायचा. त्यांनी एका ठिकाणी मोरीचा उंबरा नीट नाही म्हणून खोली नाकारली होती. नाकारली! हे सांगताना दर वेळी त्यांचा आवाज जरा चढायचा. याच वाऱ्यात नोव्हेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आर्किटेक्ट मंडळींच्या संस्थेने 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं. स्वयंपाकघर कसं असावं, न्हाणीघर कसं असावं, ते सगळं मांडून दाखवलेलं. घर भाड्याने जायचं तर ते आधी सजवावं लागतं, ही गोष्ट मुंबईच्या मालकाला त्या दशकात चांगली कळत होती.

मग दुसरं महायुद्ध आलं. शहरात माणसं लोटली आणि भाडी पुन्हा बांधली गेली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं ठरवायला १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली. त्या दिवशी जे भाडं होतं, तेच बहुतेक ठिकाणी पुढे चालत राहिलं. त्या वेळी दुसरा इलाज नव्हता असं मला आजही वाटतं. फाळणीनंतर निर्वासित येत होते, गिरण्या तीन पाळ्यांत चालत होत्या. हा कायदा नसता तर आमच्या आजोबांचं बिऱ्हाड वर्षा-दोन वर्षांत रस्त्यावर आलं असतं. चूक झाली ती पुढे. युद्धकाळासाठी आखलेली सोय मुदतवाढ देत देत पन्नास वर्षं चालवली गेली.

आता भिंतीकडे वळू. मालक रंग का देतो? खोली रिकामी पडू नये, नवा भाडेकरू जरा जास्त भाड्यावर यावा, म्हणून. १९४७ नंतर खोली रिकामी होईना आणि भाडं वाढेना. रंगाऱ्याची मजुरी, चुना, लाकूड मात्र दरवर्षी वर. अशा वेळी रंग देणारा मालक एक तर संत असेल किंवा वेडा. सगळे मालक काही गब्बर शेठ नव्हते हेही सांगायला हवं. एका इमारतीच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या विधवा बाया गिरगावात मी पाहिल्या आहेत. भाडेकरूचा पगार दर वर्षी वाढायचा, त्यांची जमा होती तिथेच.

खोली हातोहात फिरायची ती पागडीने. १९४७ चा कायदा पागडीला गुन्हा म्हणत होता आणि अख्खं शहर ती घेत-देत होतं. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून रोख घेणार, त्यातला हिस्सा, साधारण तिसरा, मालकाला देणार आणि पावती नव्या नावावर होणार. त्यामुळे खोली चांगली दिसावी यात खरा फायदा भाडेकरूचा झाला. मालकी एकाची, सजावट दुसऱ्याची. आमच्या चाळीत कोणाच्या खोलीत अचानक मोझॅक लाद्या बसल्या की शेजारी ओळखायचे, हे आता बोरिवलीला निघाले.

पण भाडेकरूलाही हात मोकळे नव्हते. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर घर खाली करायला लावता येईल, असं कलम कायद्यात होतं. मग पक्कं म्हणजे काय, यावर वर्षानुवर्षं दावे चालले. पोटमाळा पक्का का? मोरीला भिंत घातली तर? ओटा? १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा वाचा, त्याच्या १६ व्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे. पालिकेची लागेल तिथे परवानगी घेऊन लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर-कंडिशनर, धूर बाहेर काढायची सोय हे केलं तर मालकाची परवानगी लागत नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ओट्यापाशी थांबलो. आमच्या आईने आयुष्यातली बरीच वर्षं जमिनीवर बसून स्टोव्हपुढे काढली, कारण ओटा घातला तर मालक नोटीस देईल अशी बाबांना धास्ती. शेवटी घातला, तोवर तिचे गुडघे गेले होते.

दुरुस्ती मालकाने करायची हे कायद्यात लिहिलेलं आहेच. त्याने नाही केली तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. किती? वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. आमचं भाडं महिना ८४ रुपये. वर्षाचे १,००८, त्याचा चौथा हिस्सा २५२. चाळीस किलो लांबीची एक गोणसुद्धा येत नाही.

व्हायचं ते झालं, पावसाळ्यात इमारती पडू लागल्या. १९६९ साली सरकारने दुरुस्ती आणि पुनर्रचनेसाठी मंडळ नेमायचा कायदा केला आणि शहरातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसवला. अशा इमारती भरल्या १९,६४२. त्यातल्या १६,५०२ एकट्या 'अ' वर्गात, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. तारीख ओळखीची वाटली ना? ज्या दिवशी भाडं गोठलं, तोच दिवस इमारतीचं वय मोजायलाही वापरला. मंडळ पुढे म्हाडात गेलं. पण त्याचं काम सांगाड्याचं, म्हणजे तुळया बदला, टेकू लावा, जिना बांधा. आमच्याकडेही लोखंडी तुळई घालून गेले, भोवतीचा फोडलेला गिलावा कसाबसा भरला. रंग पुन्हा आम्हीच दिला.

ज्यांच्याकडे नवे ब्लॉक होते त्यांनी पागडीऐवजी 'लीव्ह अँड लायसन्स' काढलं होतं. पण १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी राहत असलेल्या अशा लोकांनाही भाडेकरूचा दर्जा दिला आणि मालक हादरले. घर दिलं की गेलं, ही भीती तेव्हापासून मुरली. कित्येकांनी ब्लॉक बंद ठेवले, पण भाड्याने दिले नाहीत. डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की गोठवलेलं भाडं आता अवाजवी झालंय. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपतच होती म्हणून तो रद्द मात्र केला नाही. मग नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. जुन्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ, पागडी अखेर कायदेशीर आणि लायसन्सवाल्याला मुदत संपल्यावर बाहेर काढायची सोपी वाट.

तेव्हापासून मालकाच्या हातात पुन्हा ब्रश आला. आज ठाण्यात अकरा महिन्यांचा करार संपला की रंगारी हजर, चार दिवसांत भिंती पांढऱ्याफेक, मोबाइलवर फोटो. पैसे कोणाचे? माझी पुतणी अंधेरीत तीन वर्षांत दोन घरं बदलली. दोन्ही वेळा डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले, दुसऱ्यांदा तर करारात लिहिलेलंच होतं. ती म्हणाली, "काका, पुढच्या माणसासाठी घर मी सजवून देतेय." मी तिला म्हटलं, बाळा, आपल्या घराण्याची परंपराच आहे ती.

हसण्यावारी नेलं, पण सजावटीची एक बाजू हसण्यासारखी नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची साईदर्शन इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलांचं काम चालू होतं. ती पागडीची चाळ नव्हती, सोसायटी होती. तीस वर्षांपुढच्या इमारतींची मजबुती तपासून घ्या असं पालिकेचा कायदा सांगतो, ३५३-ब कलम. घर बघायला येणाऱ्यांपैकी किती जण तो कागद मागतात? आमच्या एजंटकडे आजवर एकानेही मागितलेला नाही. सगळे रंग बघतात आणि पुनर्विकास कधी ते विचारतात. खरं तर पागडीची खोली घेणारा आज भिंत घेतच नाही, ३३(७) खाली पुढे मिळणारे किमान ३०० चौरस फूट घेतो. तरी लांबी भरलीच पाहिजे, असं एजंट म्हणतो.

आमच्या मोरीवरची भेग आडवी आहे, मंडळाने घातलेल्या तुळईच्या टोकापासून निघालेली. दादाचं म्हणणं, "सगळेच भरतात, आपण काय वेगळे? आणि मालक तिसरा हिस्सा घेणार, तो काही बोलतोय का?" त्याचं चूक आहे असं म्हणवत नाही, त्यालाही मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत. फोनवर बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: रंग द्यायचा, भेग भरायची नाही. आधी एक इंजिनिअर आणून दाखवायची आणि तो जे लिहून देईल ते गिऱ्हाईकापुढे ठेवायचं. खाली उतरलं तर उतरलं.

रंगारी सोमवारी येतोय. डिस्टेंपर नको, चुनाच काढ म्हटलं, तर तो म्हणाला चुना काढणारी माणसं आता मिळत नाहीत.

गिरगाव, दादर, लालबागच्या मंडळींपैकी कोणाच्या घरी १९४० च्या आधीची भाडेपावती किंवा 'टु लेट'ची पाटी दिसणारा एखादा फोटो असेल, तर कमेंटमध्ये टाका. नाव झाकून टाका, आकडा आणि साल तेवढं दिसू द्या.