तिसरी पिन : लहान विमानांना जमिनीवरून वीज देण्याची पद्धत कशी घडली

लहान विमानाच्या पिस्टन इंजिनात ठिणगी पाडण्याचे काम मॅग्नेटो करतो, म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारे आणि आपल्या चुंबकांच्या जोरावर वीज निर्माण करणारे उपकरण. त्यामुळे एकदा सुरू झालेल्या इंजिनाला चालत राहण्यासाठी बॅटरीची गरज नसते, ती लागते केवळ पहिली गती देण्यासाठी. विमानयुगाच्या आरंभी ही गती माणसाच्या हातांनी दिली जाई. चाकांना अडसर लावून एकाने प्रोपेलरसमोर उभे राहायचे, पाते जोराने खाली ओढायचे आणि इंजिन पेट घेताच मागे सरायचे, अशी ती पद्धत होती. जुहूच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून जेआरडी टाटा यांनी फेब्रुवारी १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला, त्या काळातील मॉथ जातीची विमानेही अशीच हाताने सुरू केली जात. या कामात बोटे, हात आणि प्रसंगी प्राणही जात असत, आणि इंजिने जशी मोठी होत गेली तशी ती एका माणसाच्या बळाला आवरेनाशी झाली.

जमिनीवरची शक्ती विमानाला जोडण्याचा पहिला ठोस प्रयत्न यांत्रिक होता. इंग्रज वैमानिक बेंटफील्ड हक्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘हक्स स्टार्टर’मध्ये फोर्ड मॉडेल टी मोटारीच्या सांगाड्यावर एक लांब दांडा बसवलेला असे, तो प्रोपेलरच्या तुंब्यातील खाचेत अडकवून मोटारीच्या इंजिनाने फिरवला जाई आणि विमानाचे इंजिन अधिक वेगाने फिरू लागले की तो आपोआप सुटून येई. विजेची सोबत त्यानंतर आली, आणि ती दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या ‘ट्रॉली अ‍ॅक’मुळे सर्वत्र परिचित झाली. ‘अ‍ॅक’ हे अ‍ॅक्युम्युलेटरचे, म्हणजे पुन्हा पुन्हा भारित करता येणाऱ्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचे, लघुरूप होते. हातगाडीवरच्या या बॅटऱ्या जाड केबलने स्पिटफायरला जोडून ठेवत, वैमानिक इंजिन सुरू करी आणि फिरत्या प्रोपेलरच्या जवळून केबल काढून घेण्याचे जोखमीचे काम तळावरचा कर्मचारी करी. १९४० च्या उन्हाळ्यातील हवाई लढाईत इशारा मिळताच विमाने इतक्या त्वरेने झेपावत, त्यामागे या कर्मचाऱ्यांचे श्रम होते, आणि इतिहासाने त्यांची पुरेशी नोंद घेतलेली नाही.

वीज आली तसा धोक्याचा प्रकारही पालटला. स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिली गती देणारी विजेची मोटर, काही क्षण शेकडो अँपिअर प्रवाह ओढते. एवढा प्रवाह वाहत असताना जोडणी लावली किंवा उपसली, तर दोन धातूंमधील अरुंद फटीत विजेची कमान पेटते, पिना भाजून खडबडीत होतात आणि जवळपास पेट्रोलची वाफ असेल तर आगीचे भय निर्माण होते. यावरचा उपाय अमेरिकी लष्कर व नौदल यांच्या सामाईक मानकांतून रूढ झालेल्या तीन पिनांच्या जोडणीत सापडतो, आणि तो इतका साधा आहे की त्यातील बुद्धिमत्ता सहज लक्षात येत नाही. यातील दोन पिना जाड असून मुख्य प्रवाह वाहतात; तिसरी बारीक पिन आखूड असते, म्हणून ती सर्वांत शेवटी टेकते आणि सर्वांत आधी सुटते. या पिनेतून जाणारा अल्प प्रवाह विमानातील कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडझाप होणाऱ्या भक्कम स्विचच्या, वेटोळ्याला मिळतो. जाड पिना पूर्ण बसल्याखेरीज मुख्य वीज आत शिरत नाही, आणि प्लग ओढताना त्या सुटण्याआधीच ती तुटलेली असते. ठिणगी पडायचीच असेल तर ती हाताजवळ न पडता बंदिस्त कॉन्टॅक्टरच्या आत पडते.

१९६० च्या दशकात लहान विमानांत जनरेटरच्या जागी अल्टरनेटर आले, तेव्हा धन आणि ऋण टोकांची अदलाबदल अधिक महागात पडू लागली, कारण अल्टरनेटरमधील डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतात आणि उलट जोडलेली बॅटरी त्यांच्यातून अनिर्बंध प्रवाह पाठवून त्यांना जाळते. म्हणून कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्यापाशीही एक डायोड बसवण्यात आला. जोडणी उलटी असेल तर कॉन्टॅक्टर मिटतच नाही. लहान विमाने बनवणाऱ्या सेस्ना कंपनीने आपल्या विमानांत ही तीन पिनांची रीत स्वीकारली, तर पायपर कंपनीने एकाच पिनेची गोल जोडणी वापरली, जिच्यात प्लगच्या आकारामुळेच टोके उलटी लागत नाहीत. पायपरच्या पुस्तिकेत मात्र जोडण्यापूर्वी मास्टर स्विच आणि सर्व विद्युत उपकरणे बंद करावीत, असे सांगितले जाते. यंत्राने जे सांभाळले नाही ते तिथे माणसाच्या शिस्तीवर सोपवले गेले.

तिसऱ्या पिनेलाही सर्व काही उमगत नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सेस्नाची लहान विमाने १४ व्होल्टच्या प्रणालीवरून २८ व्होल्टवर गेली, परंतु प्लगचा आकार तोच राहिला. त्यामुळे जुन्या विमानाला दुप्पट दाबाची वीज जोडली जाण्याची शक्यता उरली आणि ती टाळण्यासाठी आजही जोडणीजवळचा व्होल्टचा फलक वाचणे हाच मार्ग आहे. स्टार्टर चालू-बंद होताना दाबात येणाऱ्या क्षणिक उसळ्या रेडिओ व दिशादर्शक उपकरणांना घातक ठरतात, म्हणून त्यांचा स्वतंत्र स्विच इंजिन सुरू होईपर्यंत बंद ठेवण्याची प्रथा पडली. सर्वांत गंभीर उणीव निकामी बॅटरीची आहे. बाहेरच्या विजेने इंजिन सुरू होते आणि मॅग्नेटोच्या बळावर चालतही राहते, पण अल्टरनेटरला आपले चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी सहसा बॅटरीचाच प्रवाह लागतो; पूर्ण उतरलेल्या बॅटरीसह विमान आकाशात गेले आणि अल्टरनेटर थांबला, तर रेडिओ, दिवे आणि विजेवर चालणारे फ्लॅप एकाच वेळी जातात. केबलच्या साहाय्याने इंजिन सुरू झाले म्हणून विमान उड्डाणास योग्य ठरत नाही. उतरलेली बॅटरी आधी भारित करून तपासली पाहिजे आणि ती भार धरत नसेल तर बदलली पाहिजे.