साग कोणाचा?

आमचं बाभुळगाव नावानं बाभळीचं, पण यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलात राज्य सागाचं. आणि हा साग चक्क तुळस-पुदिन्याच्या कुळातला बरं का!

सागाचं लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून जहाजं बांधणाऱ्या प्रत्येकाला ते हवं असायचं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र साधारण १७१५ चं. त्यात आरमारासाठी नियम आहे: राज्यातला साग हुजुराची परवानगी घेऊन तोडा. रयतेच्या आंबा-फणसाला मात्र हात लावू नका. झाड अगदीच जीर्ण असेल, तर मालकाला राजी करा, पैसे द्या, मगच घ्या.

पुढे मुंबईत वाडियांनी इंग्रजांसाठी सागाची ‘ट्रिंकोमली’ बांधली, १८१७ मध्ये. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतेय!

मग आला १८७८ चा वन कायदा. जंगलं ‘राखीव’ झाली आणि गावकऱ्यांचं सरपण, चराई सरकारच्या मर्जीवर गेली.

बघा, परवानगी दोन्हीकडे होती. पण आज्ञापत्रात रयतेलाही विचारायचं होतं. मला हाच फरक मोठा वाटतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाला पुन्हा विचारायला सुरुवात केली, तब्बल १२८ वर्षांनी.