बौद्धिक अक्षमांच्या परिचारकांचें शिक्षण : एका ग्रंथपरंपरेचा इतिहास

जन्मतः मंद बुद्धीच्या मनुष्यास आपल्या स्मृतिग्रंथांत ‘जड’ अशी संज्ञा आहे. मनूनें नवव्या अध्यायांत त्यास दायभाग नाकारला; परंतु लगेच पुढें त्यास यावज्जीव अन्नवस्त्र देणें कुटुंबियांवर बंधनकारक ठरवून, न देणारास पतित म्हटलें. याज्ञवल्क्यानेंही अशांस भर्तव्य मानिलें आहे. पोषण कोणीं करावें याचा निर्णय असा स्पष्ट झाला. मात्र त्या मनुष्यास चालावयास, बोलावयास, स्वतःच्या हातानें जेवावयास कसें शिकवावें, आणि शिकविणारानें त्यापूर्वीं स्वतः काय शिकावें, हा प्रश्न त्या वचनांत उपस्थितच होत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्स देशांत ज्यांनीं तो हातीं घेतला, त्यांच्या ग्रंथांची परंपरा हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं अवश्य पाहण्यासारखी आहे.

इ. स. १८०० मध्यें आव्हेरों प्रांतांतील रानांत सांपडलेला एक मुका मुलगा पॅरिस येथें आणण्यांत आला. त्याचें नांव पुढें व्हिक्टर ठेविलें. ज्याँ मार्क इटार या तरुण वैद्यानें त्यास शिकविण्याचा प्रयत्न करून १८०१ व १८०६ या सालीं दोन वृत्तांत लिहिले. पण मुलाचें न्हाणें, जेवण, फिरणें, रागावणें व रुसणें हें सर्व सांभाळलें तें मादाम गेरां या बाईनें. तिनें मातेची सहनशीलता व शिक्षकाची बुद्धि दाखविली, असें इटारनेंच कबूल केलें आहे. इटारनें पाठ सोडून दिल्यावरही ती मुलास सोडून गेली नाहीं. व्हिक्टर १८२८ मध्यें वारला तो तिच्याच आश्रयास असतां. तिच्या कौशल्याविषयीं आज जें काय कळतें, तें इटारच्या लेखणींतून. काम दोघांनीं केलें, लेखन एकाचेंच राहिलें.

इटारचा शिष्य एदुआर सेग्विन (१८१२–१८८०) यानें या प्रयत्नास पद्धतीचें रूप दिलें. आधीं स्नायु, मग इंद्रियें, त्यानंतर कल्पना व शेवटीं आचार, असा त्याचा क्रम. त्याचा सहाशेंहून अधिक पृष्ठांचा फ्रेंच ग्रंथ १८४६ मध्यें निघाला. पुढें तो अमेरिकेंत गेला व १८६६ मध्यें त्यानें न्यूयॉर्क येथें इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन्ही ग्रंथांच्या नांवांत या लोकांस लाविलेली संज्ञा त्या काळीं शास्त्रीय गणली जाई. आज ती त्याज्य आहे. सेग्विनची शिक्षकाविषयींची अपेक्षा लक्षांत घेण्यासारखी आहे. त्याचा स्वर मधुर असावा, वेष नीटनेटका असावा, हावभाव चित्त वेधणारे असावेत. कारण थकलेल्या, दुर्बल मनास जागें करणें हें त्याचें काम. म्हणजे पहिला अभ्यास शिकविणारानें स्वतःवर करावयाचा.

या परंपरेचा पुढील दुवा डॉ. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२). रोम येथें १९०० सालीं मंदबुद्धि बालकांच्या शिक्षकांसाठीं एक विद्यालय निघालें. त्याचें संचालन या बाईंकडे होतें. तेथें मुलें समोर ठेवूनच शिक्षकांस शिकविलें जाई. तें काम सोडल्यावर त्यांनीं इटार व सेग्विन यांचे फ्रेंच ग्रंथ इटालियन भाषेंत उतरवून अथपासून इतिपर्यंत स्वहस्तें लिहून काढिले. मुद्रणकलेपूर्वीं बेनेडिक्टी मठांतील साधु जसे ग्रंथ लिहीत, तसें हें लेखन होतें, आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ तोलावयास अवसर मिळावा हा त्याचा हेतु, असें त्या सांगतात. पोथी स्वतः नकलून घेणें हा अध्ययनाचाच भाग होय, हें आपल्या पाठशाळांतील जुन्या मंडळींस निराळें सांगावयास नको.

बाईंनीं नमूद केलेल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयांत, जेथें सेग्विननें स्वतः काम केलें होतें, तेथें त्याचा ग्रंथ शिक्षकांच्या हातांत होता, त्याचीं साधनेंही वापरांत होतीं. तरी शिकविणें यंत्रवत् चाले, नियमाचें अक्षर तेवढें पाळलें जाई. दुसरी गोष्ट अशी कीं, १८६६ चा ग्रंथ पॅरिसच्या ग्रंथालयांत शोधूनही मिळाला नाहीं. अखेर न्यूयॉर्क येथें एका वैद्याच्या खासगी संग्रहांतून अडगळींत काढलेल्या पुस्तकांत एक प्रत सांपडली. गेरांबाईंपाशीं अभ्यास होता, तिचा स्वतःचा लेख मागें नाहीं. बिसेत्र येथें लेख होता, अभ्यास लोपला. आणि जेथें अभ्यास करूं इच्छिणारी व्यक्ति होती, तेथें ग्रंथ हातीं येईना. परिचर्येची विद्या या तिन्ही मार्गांनीं खंडित होते, हें या इतिहासाचें तात्पर्य. ‘येथें दया पुरे, शिक्षण कशाला’ असें म्हणणारांनीं बिसेत्रचें उदाहरण अवश्य पाहावें. तेथील शिक्षक निर्दय होते असें बाई म्हणत नाहींत. समोरच्या मुलाकडे पाहून पाठ बदलावयाचें त्यांस कोणीं शिकविलें नव्हतें.

माँटेसरीबाई १९३९ मध्यें मद्रासेस आल्या व युद्धकाळ त्यांनीं हिंदुस्थानांतच शिक्षक तयार करण्यांत घालविला. मुंबईंत जय वकील शाळा १९४४ मध्यें सुरू झाली. सिकंदराबाद येथें या विषयाची राष्ट्रीय संस्था १९८४ मध्यें स्थापन झाली, आणि १९९२ च्या पुनर्वास परिषदेच्या कायद्यानें विशेष शिक्षकांचें शिक्षण व नोंदणी नियमबद्ध झाली. पदवीचा प्रश्न असा सुटला. परंतु दिवसरात्र सोबत राहणाऱ्या सेवकानें अनुभवानें जमविलेलें ज्ञान आजही बहुधा तोंडींच राहतें.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, जुन्या शाळा व आश्रम यांचीं दप्तरें रद्दींत जाण्यापूर्वीं पाहावीं. सेवकांच्या दैनिक वह्या, नव्या माणसास दिलेल्या सूचनांचे कागद, पाठांचीं टिपणें, हातानें केलेलीं साधनें, हीं सर्व जपण्याजोगीं आहेत. मात्र अशा दप्तरांत ज्यांचीं नांवें व व्यंगें लिहिलेलीं असतात, त्यांनीं तीं प्रसिद्ध करण्यास संमति दिलेली नाहीं. नांवें झांकून ठेवावीं. सेवकानें प्रत्येक दिवशीं काय केलें, काय फसलें व दुसऱ्या दिवशीं काय बदललें, तेवढें उतरून घ्यावें.