काडीपैलवानाची साखर

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग-मुरूडकडे, एखाद्या शिडशिडीत माणसाला साखर निघाली की घरचे चकित होतात. ‘अंगावर मूठभर मांस नाही, याला कुठून डायबेटिस?’ या प्रश्नाचं उत्तर हाती यायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली.

१८७६ मध्ये विल्हेल्म एबश्टाइन या जर्मन डॉक्टरांनी मधुमेहींना सोडियम सॅलिसिलेट दिलं आणि लघवीतली साखर घटली. औषध होतं संधिवाताच्या सुजेवरचं! पुढे इन्शुलिन आलं आणि ही नोंद मागे पडली.

१९९३ मध्ये बोस्टनच्या गोखान होतामिश्लिगिल यांना लठ्ठ प्राण्यांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारं प्रथिन सापडलं. एरवी इन्शुलिन पेशीच्या दारावर थाप मारतं आणि आयआरएस-१ हे प्रथिन तो निरोप आत नेतं. दाह असला की याच प्रथिनावर भलत्या जागी फॉस्फेट चिकटतं आणि निरोप अडतो. साखर रक्तातच साचते, ती पेशींवर ताण आणून दाह वाढवते. दुष्टचक्र सुरू होतं. सॅलिसिलेट या साखळीतलं आयकेके-बीटा हे विकर रोखतं, हे २००१ मध्ये दिसलं आणि एबश्टाइनच्या नोंदीचा अर्थ लागला.

पण बारीक माणसाचं काय? १९९३ मध्येच पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी लहान होती, चरबी मात्र त्या मानाने राखून होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

२००८ मध्ये याज्ञिकांच्याच गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुष तपासले. शहरात चरबी जास्त आणि दाहाच्या खुणाही जास्त होत्या.

आमच्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या पोटासाठी मुंबईला जात आली. गावी परतल्यावर त्यांचं वजन पाहून ‘तब्येत सुधारली’ म्हणायची रीत आहे. वजनकाटा चरबी कुठे साठली ते सांगत नाही. म्हणून घरात कुणाला मधुमेह असेल, तर काडीपैलवानानेही कंबर मोजावी आणि रक्त तपासून घ्यावं.