सोमवार सकाळचा वुडस्टॉक

परवा जिमी हेंड्रिक्सचा 'लाइव्ह ॲट वुडस्टॉक' पुन्हा लावला. कित्येक वर्षं मला वाटायचं, तो वाजवतोय तेव्हा समोर चार लाख लोक असणार. प्रत्यक्षात कार्यक्रम लांबत गेला आणि हा स्टेजवर आला १८ ऑगस्ट १९६९ ला, सोमवारी सकाळी. तोवर बहुतेक लोक घरी निघून गेले होते!

दुसऱ्या गिटारवर होता त्याचा जुना मित्र लॅरी ली, नुकताच व्हिएतनामहून परतलेला. तो दोन गाणी गायलाही. पण १९९९ च्या दोन सीडींच्या अल्बममध्ये ती नाहीत. गिटारवरचं अमेरिकेचं राष्ट्रगीत आहे. लोक त्यात व्हिएतनामचे बॉम्ब ऐकतात. आणि जो खरोखर तिथून आला होता, त्याचाच आवाज गाळलेला...

'लाइव्ह' म्हणजे घडलं तसंच्या तसं, असं मी आता म्हणत नाही. असो.