होडीच्या टू-स्ट्रोक यंत्राची शक्तिवृद्धि आणि मूळ पाठाचा प्रश्न

चांदूर रेल्वे येथील एका स्नेह्यांकडे कांहीं जुनीं बाडें पाहण्यास आम्ही गेलों असतां पडवींत पोत्यावर ठेवलेलें एक लहानसें आउटबोर्ड इंजिन दृष्टीस पडलें. मुंबईच्या भंगारांत त्यांस तें स्वस्तांत मिळालें होतें. ज्या गांवाच्या नांवास, चांदूर बाजाराहून तें निराळें ओळखतां यावें म्हणून, रेल्वे हा शब्द कायमचा चिकटला, तेथें नौकायंत्र सांपडावें हें नवलच. स्नेह्यांचा बेत असा कीं, सिलिंडरच्या खिडक्या कानशीनें वाढवून घ्याव्या, म्हणजे यंत्राचा जोर वाढेल. कपाशीवरील फवारणीचे पंप व जुन्या लुना दुरुस्त करणाऱ्या तेथील मिस्त्र्यानें या कामास होकारहि दिला होता. आम्हीं त्यांस आठ दिवस थांबण्याची विनंति केली. त्या आठ दिवसांत जें पाहिलें व तपासलें तें येथें मांडीत आहों. विषय त्रैमासिकाच्या नेहमींच्या क्षेत्राबाहेरचा वाटेल; परंतु तो तसा नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम या यंत्राची कुळकथा. दट्ट्याच्या दोनच धावांत एक स्फोट साधण्याची युक्ति स्कॉटलंडच्या ड्युगल्ड क्लार्क यानें बसविली व १८८१ मध्यें तिचें पेटंट घेतलें. ताजें मिश्रण आंत ढकलण्यास त्यास दुसरें सिलिंडर लागे. तें काम दट्ट्याखालच्या बंद पेटीकडून, म्हणजे क्रँककेसकडून, करून घेण्याची कल्पना बाथ येथील जोसेफ डे याची. तिचा काळ १८८९ ते १८९१. डेच्याच कारखान्यांतील फ्रेडरिक कॉक यानें पुढें आवक मिश्रणासहि दट्ट्यानेंच उघडणारी-मिटणारी खिडकी दिली, आणि झडपांची गरज संपली. आमच्या पोत्यावरचें यंत्र याच तीन खिडक्यांच्या घडणीचें आहे. नांव मात्र डे याचेंच रूढ झालें. असाच प्रकार आउटबोर्डाविषयीं. सामान्यतः हें यंत्र मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूडचें समजलें जातें. त्याचें दीड अश्वशक्तीचें, ६२ पौंड वजनाचें यंत्र १९०९ मध्यें विक्रीस आलें खरें. परंतु कॅमेरॉन वॉटरमन याचें पेटंट १९०७ चें आहे. आद्यत्वाचा मान बहुधा ज्याचा माल खपला त्यास मिळतो, हें पोथ्यांच्या व्यवहारांतहि आपण पाहतों.

आतां जोराविषयीं. या यंत्रांत जळका धूर बाहेर जाण्याची व ताजें मिश्रण आंत येण्याची वेळ कांहीं अंशीं एकच असते. त्यामुळें ताज्या मिश्रणाचा कांहीं भाग न जळतांच धुराबरोबर निसटतो. सारें दारिद्र्य येथलें. जुन्या कारागिरांनीं दट्ट्याच्या माथ्यावर उंचवटा ठेवून प्रवाह वर वळविला. पुढें जर्मनींतील श्न्यूर्ले यानें खिडक्यांनाच तिरका कल देऊन उंचवटा अनावश्यक केला. परंतु खरी क्रांति पूर्व जर्मनींतील झोपाउ येथें एमझेड कारखान्यांत १९५३ नंतर वाल्टर काडेन यानें केली. धूर बाहेर पडतांना दाबाची जी लहर उठते, ती फुगीर व पुढें निमुळत्या नळींतून परत फिरवून निसटूं पाहणारें मिश्रण तिच्याकरवींच आंत रेटावें, ही त्याची दृष्टि. १९६१ मध्यें त्याच्या १२५ घनसेंटिमीटरच्या यंत्रानें २५ अश्वशक्ति दिली. त्याच वर्षीं त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर हा स्वीडनमधील शर्यतीच्या वेळीं पक्ष सोडून गेला, आणि १९६२ मध्यें ५० घनसेंटिमीटर वर्गाचें जागतिक अजिंक्यपद सुझुकीनें त्याच्याच हातून मिळविलें. फितुरीनें किल्ले पडल्याचे दाखले वाचकांस नवे नाहींत. येथें एक नळी पडली, इतकेंच.

मात्र ही लहर ठराविक फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यांतच कामास येते. शर्यतीच्या गाडीस दांत बदलतां येतात. होडीच्या पंख्यास ती सोय नाहीं. शिवाय पंख्यास लागणारी शक्ति फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणांत वाढते: फेऱ्या दहा टक्के वाढवावयाच्या तर शक्ति सुमारें एकतृतीयांश अधिक हवी. पाणी कापीत चालणाऱ्या होडीची स्वतःची मर्यादा आणखी निराळी. पाण्याच्या रेषेवर १६ फूट लांबीची होडी साडेपांच नॉटच्या आंतच अडते. पुढची शक्ति लाटा उठविण्यांत जाते. आंग्र्यांच्या आरमारांतील गलबतें ४०-५० वल्ह्यांनीं तासास सुमारें चार मैल जात, असें ऑर्म लिहितो. म्हणजे लहान यंत्रास गांठावयाचें शिखर फार उंच नाहींच.

म्हणून आम्हीं मिस्त्र्यास कानस ठेवून प्रथम सिलिंडर उतरविण्यास सांगितलें. धुराच्या खिडकीचा जवळजवळ तिसरा हिस्सा काजळीनें बुजला होता. अशा कांहीं जुन्या यंत्रांत दहा भाग पेट्रोलास एक भाग तेल घालीत. त्याचा हा परिणाम. तेल कमी करून जोर वाढविण्याचा मोह होतो, पण पितळी बुशें त्यांत बळी पडतात. लांकडी पट्टीनें काजळी काढली, क्रँककेसच्या गळक्या सांध्यास नवें पॅकिंग घातलें, प्लग व पॉइंट बदलले. यंत्र पहिल्या दोरींत सुरू झालें व पाण्याच्या पिंपांत त्याचा नाद ऐकून मिस्त्रीहि थबकला.

परंतु मुख्य गोष्ट ती नव्हे. सिलिंडर साफ असतां आम्हीं त्याच्या आंत कागद गुंडाळून बसविला आणि शिसपेन्सिलीनें घांसून, ताम्रपटाचा घेतात तसा, खिडक्यांचा ठसा घेतला. व्यास ५५ व धाव ४२ मिलिमीटर, म्हणजे आकारमान सुमारें १०० घनसेंटिमीटर. ठशांत आवक व बदलीच्या खिडक्यांच्या कडा सरळ उमटल्या. धुराच्या खिडकीची वरची कड मात्र उजव्या अंगास दोन मिलिमीटर वर चढलेली, आणि तेथें कानशीचे ओरखडे स्पष्ट! आमच्या स्नेह्यांच्या आधींच कोणा शोधकानें हात चालविला होता. खिडकी लवकर उघडूं लागल्यानें कमी फेऱ्यांतील ओढ गेली असावी, व तीच उणीव भरून काढण्यास पुन्हा कानस चालणार होती. पोथींतील प्रमादावर हरताळ फांसला तरी खालचें अक्षर पुष्कळदां वाचतां येतें. येथें अक्षरच चूर्ण होऊन उडून गेलेलें. क्षेपक ओळखतां आला, मूळ पाठ गेला.

स्नेह्यांनीं बेत सोडला. काहींसें नाराजीनेंच, हें सांगितलें पाहिजे. ठसा आतां त्यांच्या बाडांतच, मोडी कागदांशेजारीं, तारीख घालून ठेवला आहे. यंत्रावरची पट्टी झिजल्यामुळें कारखान्याचें नांव लागत नाहीं. वर दिलेल्या मापांचें यंत्र कोणा वाचकाच्या संग्रहीं, विशेषतः कोंकणपट्टींतील जुन्या घरीं, अस्पृष्ट स्थितींत असल्यास त्यांनीं धुराच्या खिडकीचा ठसा घेऊन संपादकांकडे पाठवावा. कागद पातळ घ्यावा, पेन्सिल मऊ असावी, व ठशावर सिलिंडरची वरची बाजू कोणती तें अवश्य लिहावें.