तयार पावाची कणीक

तयार पावाची कणीक म्हणजे मैदा, पाणी, यीस्ट, मीठ आणि अल्प प्रमाणात साखर व तेल एकत्र मळून, थंड किंवा गोठवलेल्या अवस्थेत विकली जाणारी कणीक होय. ती फुगू देऊन भट्टीत भाजल्यावर पांढरा पाव तयार होतो.

पोषणमूल्य

या कणकेतील बहुतांश ऊर्जा मैद्यातील पिष्टमय पदार्थांपासून मिळते. १०० ग्रॅम पांढऱ्या पावात सुमारे २६५ किलोकॅलरी ऊर्जा, ४९ ग्रॅम कर्बोदके व ९ ग्रॅम प्रथिने असतात. भाजताना पाणी उडून गेल्याने कणकेचे वजन साधारणतः १० ते १५ टक्क्यांनी घटते. त्यामुळे १०० ग्रॅम कणकेचे आकडे तेवढ्याच वजनाच्या पावापेक्षा कमी दिसतात. एका गोळ्यातील एकूण ऊर्जा मात्र भाजल्यानंतरही जवळजवळ तेवढीच राहते. वेष्टनावरील आकडे कणकेचे आहेत की भाजलेल्या पावाचे, हे पाहिल्याशिवाय तुलना योग्य ठरत नाही.

तंतू व समृद्धीकरण

मैदा तयार करताना गव्हाचा कोंडा व अंकुर वेगळे केले जातात आणि त्यांच्यासोबत तंतू, लोह व ब गटातील जीवनसत्त्वे घटतात. १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ३ ग्रॅम, तर गव्हाच्या संपूर्ण पिठात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. ब्रिटनमध्ये पांढऱ्या पिठात कॅल्शियम, लोह, थायमिन व नायसिन मिसळणे बंधनकारक आहे. भारतात मैद्याचे समृद्धीकरण ऐच्छिक आहे. अशा समृद्धीकरणाने तंतूंची उणीव भरून निघत नाही.

सुरक्षितता

कच्च्या पिठात साल्मोनेला व ई. कोलाय हे जीवाणू असू शकतात. गोठवल्याने ते खात्रीने नष्ट होत नाहीत. म्हणून ही कणीक कच्ची खाऊ नये. ग्लुटेनमुळे ती सीलिएक रोग असलेल्यांसाठी अयोग्य आहे.